कागद उजेडात धरून

२००३ च्या डिसेंबरातली गोष्ट असावी. मी सहा वर्षांचा होतो आणि धायरीतल्या आमच्या घरावर तेव्हा पत्रा होता. रात्रीच्या बातम्या लागल्या होत्या. बातम्यांत तेलगी, तेलगी आणि तेलगी. पप्पा जेवणावरून उठले, हात धुतले, लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला, स्टुलावर चढले आणि तो कागद ट्यूबलाइटसमोर धरून बघत राहिले.

तो कागद म्हणजे आमचं घर होतं. १९९९ मध्ये पप्पांनी धायरीत एक गुंठा जागा घेतली. ते नऱ्ह्यात एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होते, आणि पुण्यात त्यांना परवडेल अशी जागा म्हणजे सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, ग्रामपंचायतीच्या हद्दीत, गुंठ्यावर मिळणारी. अशा व्यवहारात तेव्हा जे सगळ्यांचं व्हायचं तेच आमचं झालं. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर साठेखत, सोबत कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या. आता टीव्हीवाले सांगत होते की राज्यात खोटे स्टॅम्पपेपर वर्षानुवर्षं विकले गेले.

“दिसतंय का काही?” आईनं विचारलं.

“दिसतंय काहीतरी.”

“मग खराय ना?”

“काय दिसायला पाहिजे, ते कुठं माहितीय?” पप्पा म्हणाले आणि स्टुलावरून उतरले.

हे वाक्य मला वीस वर्षांनी ऑफिसात आठवलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक काम आलं. कर्जाच्या अर्जांसाठी आमच्या क्लायंटची माणसं गावोगाव फिरून दुकानांचे, घरांचे, कागदपत्रांचे फोटो काढायची. ते फोटो बाहेर फुटत होते, आणि काही फोटो मधल्यामध्ये बदलले जातायत असाही संशय होता. प्रत्येक फोटोत डोळ्याला न दिसणारी खूण लपवायची, म्हणजे फुटलेला फोटो कुणाच्या फोनमधून निघाला ते कळेल. तंत्र कोणतं वापरायचं ते मी ठरवायचं होतं.

मी दोन दिवसांत ठरवलं. कॉलेजात कधीतरी शिकलेलं सगळ्यात सोपं तंत्र घेतलं. डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे, शून्य ते २५५ मधले. आकडा १४२ असला किंवा १४३ असला तरी डोळ्याला फरक कळत नाही. मग त्या आकड्याचा शेवटचा बिट आपल्याला मोकळा मिळाला, त्यात हवं ते लिहा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत असे ३ कोटी ६० लाख बिट निघतात, म्हणजे ४५ लाख बाइट. आख्खी ज्ञानेश्वरी त्यात आरामात मावते आणि फोटो जसाच्या तसा दिसतो. मी खडकवासल्याच्या चौपाटीचा एक फोटो घेतला, त्यात हजार शब्द लपवले, परत काढून दाखवले. टीम खूश.

पुढच्या आठवड्यात खऱ्या फोटोंवर चाचणी झाली. फील्डवरच्या मुलांनी फोटो नेहमीसारखे व्हॉट्सअॅपवर पाठवले. माझ्या प्रोग्रामनं त्यातून जे काढलं ते नाणेफेकीइतकंच बरोबर होतं, निम्मे बिट जुळले आणि निम्मे नाही. व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं आणि पुन्हा दाबतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचारच केला नव्हता. आमच्या टीम लीडनं ओरडा न करता एकच विचारलं, “हा फोटो कुणाकुणाच्या हातातून जाणार आहे, याची यादी केली होतीस का?”

तेव्हापासून मी या विषयाचं मागचं मागचं वाचत गेलो. संगणकाच्या बरंच मागे.

धायरीतून नऱ्ह्यावरून हायवेला लागलं, नवा कात्रज बोगदा पार केला की खेड शिवापूर येतं, आणि तिथून जवळच रांझे हे गाव. रांझ्याच्या पाटलाला दिलेल्या शिक्षेचं २८ जानेवारी १६४६ चं पत्र आपल्याला शाळेपासून माहीत असतं. शिवाजी महाराजांची मुद्रा असलेल्या सुरुवातीच्या पत्रांपैकी ते एक. शाळेत आपण त्यातली शिक्षा वाचतो. मी ते यावेळी कागद म्हणून बघितलं.

मराठी राजपत्राची रचना अशी असते: माथ्यावर अष्टकोनी मुद्रा, खाली मजकूर आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे छोटा शिक्का. त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरं. इथे मर्यादा झाली, याच्या खाली जे असेल ते आमचं नाही. पत्र लिहिलं जाणार गडावर किंवा कचेरीत आणि पोचणार चाळीस-पन्नास कोसांवर, कुणाच्या तरी हातून. मधल्या माणसाला मजकूर खोडता येणं अवघड, पण खाली एक ओळ वाढवणं सोपं. ‘अधिक दोन बिघे जमीन’ एवढं लिहिलं की झालं. त्या एका माणसाच्या त्या एका कृतीवर हा शिक्का आहे.

दुसरी जागा जोडांची. मोठी पत्रं कागदाच्या लांब पट्ट्या एकाखाली एक चिकटवून केलेली असत. मधली पट्टी काढून दुसरी चिकटवता येते. म्हणून मागच्या बाजूला, बरोबर जोडावर, दोन्ही पट्ट्यांवर अर्धा अर्धा येईल असा शिक्का मारायचा. पट्टी बदलली की शिक्का जुळत नाही. मोडी लिपीतही याचा एक फायदा आहे असं मला वाटतं. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. मध्ये काही घुसडायचं तर घुसडणार कुठे? अर्थात मोडी त्यासाठी तशी झाली असं मी म्हणत नाही, ती भरभर लिहिता यावी म्हणून तशी आहे.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. कागदाच्या पाठीवर ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे शेरे असतात. पत्राची दफ्तरात नोंद झाली, असं सांगणारे. म्हणजे कागदावर शंका आली तर फक्त कागदाकडे बघत बसायचं नाही, दफ्तरात जाऊन नोंद काढायची. पेशवाईचं असं दफ्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, कोट्यवधी मोडी कागद, रुमालांत बांधलेले.

एवढं असूनही बनावट महजर झाले, वतनांच्या भांडणांत खोटे कागद पुढे आले. शिक्का खोटा पाडता येतो, कारकून फितवता येतो. पण प्रत्येक खूण कुणाला अडवायला आहे ते त्या लोकांना नीट माहीत होतं, आणि मला माझ्या फोटोबद्दल ते माहीत नव्हतं.

यातली एकही खूण लपवलेली नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. सगळ्या उघड, ठसठशीत. लपवण्याची आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ लिपी’सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि ते वाङ्मय विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकांना जवळजवळ अनोळखी राहिलं. पण तिथेही पोथी आहे हे कुणालाही दिसत होतं, वाचता येत नव्हतं इतकंच. त्याला आज आपण कूटलेखन म्हणू. मजकूर आहे हेच कळू न देणं ही तिसरी कला, आणि त्यात हरण्याची व्याख्याच निराळी आहे. पहाऱ्यावरच्या माणसाला नुसता संशय आला तरी खेळ संपला. गुस्टाव्हस सिमन्स या अमेरिकन गणितज्ञानं १९८३ मध्ये हे दोन कैद्यांच्या उदाहरणानं मांडलं. कैद्यांना एकमेकांना पत्रं लिहायची मुभा आहे, पण प्रत्येक पत्र तुरुंगाधिकारी वाचणार, आणि पळून जायचा बेत त्याच्या नाकाखालून न्यायचाय.

मी कॉलेजात या तिन्ही गोष्टी एकाच प्रकरणात, एकाच दमात शिकलो होतो. परीक्षेत फरक लिहा असा चार मार्कांचा प्रश्न यायचा.

आता पप्पांच्या कागदाकडे येतो. वॉटरमार्क हा शब्द तिथलाच.

हाताने कागद करताना लगदा जाळीवर गाळतात. त्या जाळीवर तारेची आकृती शिवली, तर तिथे लगद्याचा थर पातळ बसतो आणि कागद उजेडात धरला की आकृती दिसते. शाई नाही, ठसा नाही, फक्त जाडीतला फरक. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस हे सुरू झालं. आपल्याकडचा कागद, जुन्नरचा, दौलताबादचा, किंवा कसब्यात ज्यांच्या नावानं आजही कागदीपुरा आहे त्या कागद्यांचा, गवताच्या काड्यांच्या जाळीवर निघायचा आणि नंतर गुळगुळीत दगडाने घोटला जायचा. त्यात असं चित्र नसे. इंग्रजी कागदाबरोबर ते इथे आलं. इंग्लंडात १७९४ च्या कायद्यानंतर निर्यातीच्या कागदावर करात सूट मिळवायची तर वॉटरमार्कमध्ये वर्ष घालावं लागे. त्याचा संशोधकांना आज आयता उपयोग होतो. पत्रावर तारीख १७९५ ची आणि कागदात १८०४ असेल तर पुढे बोलायची गरज नाही. कर वाचवायला घातलेली खूण खोटेपणा पकडायला कामी आली, हे मला भारी वाटतं.

१८६५ पासून ब्रिटिश भारताच्या टपाल तिकिटांच्या कागदात हत्तीच्या डोक्याचा वॉटरमार्क होता. तिकिटं लंडनला छापून यायची. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि पुढे तिकिटं, स्टॅम्पपेपर तिथे छापले जाऊ लागले. १९२८ पासून शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा. नाशिकची निवड झाली आणि महाराष्ट्रातल्या एका गावात देशभरच्या विश्वासाचं उत्पादन सुरू झालं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

या सगळ्या व्यवस्थेचा आधार एकच होता: असा कागद आणि असं यंत्र बाहेर कुणाकडे नाही. छापण्याची पद्धत हेच गुपित, यंत्र हीच चावी.

अब्दुल करीम तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. रेल्वेत फळं विकून शिकलेला. ‘स्कॅम २००३’ ही वेबसीरिज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल, त्यामुळे त्याची सगळी कहाणी सांगत बसत नाही. मला त्यातला तंत्राचा भाग सांगायचा आहे. १९९४ मध्ये त्याला मुंबईत स्टॅम्पविक्रीचा परवाना मिळाला. पुढे नाशिकच्या छापखान्यातून भंगार म्हणून निघालेली यंत्रं त्यानं मिळवली, असं तपासात बाहेर आलं. जे यंत्र बाहेर असणं शक्य नाही असं गृहीत होतं, ते लिलावात बाहेर आलं. १८८३ मध्ये ऑगस्ट केरखॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञानं लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल एक नियम सांगितला होता. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुपित फक्त छोटं आणि बदलता येण्याजोगं असावं. आज आमच्या क्षेत्रात तो पहिल्या तासाला शिकवतात. स्टॅम्पपेपरच्या बाबतीत गुपित म्हणजे काही टनांचं यंत्र, आणि ते एकदा गेलं की बदलणार काय?

पण यंत्र हा निम्माच भाग. तेलगीचे कागद रस्त्यावरच्या माणसाला फसवून विकले जात नव्हते, किंवा फक्त तसे जात नव्हते. त्याचे एजंट बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल यांना सवलतीत गठ्ठ्यानं कागद देत. सरकारी कागद स्वस्तात कसा मिळतो, हे विचारावंसं फार जणांना वाटलं नाही. त्यातला किती कागद कुणी उजेडात धरून पाहिला असेल? २००२ च्या जूनमध्ये पुण्यात बंडगार्डन पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण फुगत गेलं. जप्त केलेले कागद खरे की खोटे हे ठरवायला नाशिकलाच पाठवावे लागत. म्हणजे खूण कागदात होती, पण ती वाचू शकणारी माणसं नाशिकरोडला बसलेली, आणि कागद वापरणारा माणूस धायरीत स्टुलावर उभा. टीव्हीवर तीस हजार कोटींचा आकडा फिरत होता. आमचा शंभरचा.

२००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयानं तेलगीला १३ वर्षं सक्तमजुरी आणि २०२ कोटींचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो बंगळुरूत वारला. त्याच महिन्यात धायरी पुणे महापालिकेत आली. या दोन गोष्टींचा संबंध काहीच नाही, पण आमच्या घरात दोन्ही बातम्या एकाच दिवाळीच्या आसपास बोलल्या गेल्या.

या प्रकरणानंतर फ्रँकिंग आणि मग ई-स्टॅम्पिंगवर भर आला. ई-स्टॅम्पचा कागद कितीही साधा असला तरी त्याच्यावर एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक सरकारी नोंदीशी ताडून बघता येतो. कागदाच्या पोटातली खूण ओळखण्याचं कसब लागत नाही. बार सूद, सुरू सूद. साडेतीनशे वर्षांनी आपण परत दफ्तराकडे आलो.

फोटोच्या बाबतीत हीच सगळी वाट वीसेक वर्षांत चालून झाली, आणि ती वाचताना मला माझी चूक अगदी सुरुवातीलाच भेटली. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू टिर्केल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक वॉटर मार्क’ नावाचा निबंध वाचला. तंत्र काय, तर शेवटच्या बिटात खूण. मीही तेच केलं होतं, तीस वर्षं उशिरा.

शेवटचा बिट का मरतो? जेपेगमुळे. जेपेग फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाचं रूपांतर लहरींमध्ये करतं. संथ लहरी म्हणजे आभाळ, भिंत, गाल. जलद लहरी म्हणजे केसांचं टोक, पानांच्या कडा, कापडाची वीण. डोळा संथ लहरींना जपतो आणि जलद लहरी गेल्या तर कुरकुर करत नाही, म्हणून जेपेग त्या टाकून देतं. हे रूपांतर जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. निबंधावर तीन नावं होती, नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. अहमद बंगळुरूचे. आज जगातला जवळजवळ प्रत्येक फोटो त्यांच्या गणितातून जातो. फालतू म्हणून जे फेकलं जातं, नेमकं त्यातच मी खूण ठेवली होती. घराची चावी केराच्या डब्यात लपवावी आणि सकाळी घंटागाडी यावी, तसं.

यावरचा उपाय १९९७ मध्ये इंगमार कॉक्स आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी मांडला, आणि तो पहिल्यांदा वाचताना उलटा वाटतो. खूण फोटोच्या सगळ्यात महत्त्वाच्या भागात ठेवा. चित्राचा मोठा डोलारा ज्या लहरींवर उभा आहे, त्यातल्या हजारेक लहरींत ती विरळ पसरवा, प्रत्येकीत चिमूटभर. ती काढायची तर चित्रच खराब करावं लागेल, आणि खराब चित्र चोरून करायचं काय? पट्ट्यांच्या जोडावर शिक्का मारणाऱ्या कारकुनाला हे समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

पण याची किंमत आहे. शेवटच्या बिटात ज्ञानेश्वरी मावत होती. पसरवलेल्या, दणकट खुणेत, व्हॉट्सअॅपवरून दोनदा फिरून यायची हमी हवी असेल तर, आमच्या चाचण्यांत जेमतेम ६४ बिट टिकले. म्हणजे ८ बाइट. ‘धायरी’ हा शब्द संगणकात लिहायला १५ बाइट लागतात. खूण जितकी दणकट, तितकी तिच्यात जागा कमी. आणि जागाही हवी, दणकटपणाही हवा असं म्हटलं की ती डोळ्याला दिसायला लागते, आभाळात बारीक खरखर उठते. या तिन्हींची ओढाताण कुणी मोडून काढलेली नाही.

शिवाय समोरचा माणूस गप्प बसत नाही. १९९८ मध्ये केंब्रिजमधल्या फॅबियन पेटिकोला, रॉस अँडरसन आणि मार्कुस कून यांनी स्टरमार्क हे हत्यार दाखवलं. ते फोटो किंचित फिरवतं, किंचित ताणतं, छापून पुन्हा स्कॅन केल्यावर होईल तितकंच. डोळ्याला काही कळत नाही, पण तेव्हाचे बरेच बाजारू वॉटरमार्क त्यात आंधळे झाले. त्यांचा दुसरा हल्ला तर गमतीचा होता. फोटोचे लहान लहान तुकडे करायचे आणि वेब पानावर शेजारी शेजारी चिकटवून मांडायचे. वाचकाला अख्खा फोटो दिसतो, खूण शोधणाऱ्या प्रोग्रामला तुकडे.

लपवणाऱ्यांचीही गत फार बरी नव्हती. नैसर्गिक फोटोत १४२ आकड्याचे ठिपके किती आणि १४३ चे किती, यांत फरक असतो. शेवटच्या बिटात माहिती भरली की या जोड्या सारख्या व्हायला लागतात. आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फिट्समान यांनी १९९९ मध्ये हे मोजून दाखवलं. डोळ्याला न दिसणारं गणिताला दिसतं. म्हणजे सोप्या तंत्रानं मजकूर लपवणाऱ्या कैद्याचा तुरुंगाधिकारी हल्ली संख्याशास्त्र शिकलेला असतो.

आणि मग आमच्या पप्पांचा प्रश्न. १९९८ मध्येच स्कॉट क्रेव्हर, नासिर मेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काही पद्धतींत चोर उलट गणित करून असा ‘मूळ फोटो’ बनवू शकतो, ज्याच्या हिशेबानं त्याचीही खूण तुमच्या फोटोत निघते. दोघं कोर्टात उभे, दोघांकडे मूळ फोटो, दोघांचीही खूण सापडते. नुसती खूण सापडणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नाही. खूण कशी असायला हवी आणि ती आधी कुणाच्या नावे नोंदली होती, हे तिसऱ्या ठिकाणी लिहिलेलं असावं लागतं.

हे वाचल्यावर मी आमच्या कामाची यादी केली, लीडनं सांगितली होती ती. फोटो काढणारा मुलगा: त्याला मुद्दाम खोडसाळपणा करायचा नाही, त्याला फक्त फोटो पाठवायचा आहे. व्हॉट्सअॅप: दुष्ट नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. मधला एजंट: हा फोटो बदलू शकतो, दुकानाच्या पाटीवरचं नाव, पावतीवरचा आकडा. फोटो फोडणारा: बहुतेक वेळा स्क्रीनशॉट काढणारा, प्रोग्रामर नव्हे. आणि तपासणारा: मुख्यालयातली एक बाई, जिच्याकडे दिवसाला दोनशे फोटो येतात.

या यादीनंतर तंत्र निवडायला एक दुपार पुरली. दणकट खुणेत ६४ बिटांचा फक्त एक क्रमांक, बाकी सगळी माहिती आमच्या नोंदवहीत. मधल्या एजंटासाठी वेगळी सोय: फोन फोटो काढता क्षणी त्याचा गणिती ठसा थेट सर्व्हरवर पाठवतो, आणि मूळ फोटो नेटवर्क मिळेल तेव्हा मागून पोचतो. ठशाशी न जुळणारा फोटो परत जातो. लपवाछपवीची इथे गरजच नव्हती, मर्यादेच्या शिक्क्यासारखी उघड खूण पुरत होती. आणि मुख्यालयातल्या बाईंच्या स्क्रीनवर एक बटण दिलं, जे न दाबता पुढचा फोटो उघडत नाही. माझ्या मते त्या प्रोजेक्टमधली सगळ्यात उपयोगी ओळ तीच होती, जरी ती लिहायला पंधरा मिनिटं लागली.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. फील्डवरच्या मुलांना त्यांच्या फोटोत त्यांचा क्रमांक जातोय हे सांगितलं होतं का? पहिल्या मसुद्यात नव्हतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं काही रंगीत लेझर प्रिंटरांचं गुपित फोडलं होतं. प्रत्येक पानावर फिकट पिवळे, जवळजवळ अदृश्य ठिपके, आणि त्यांत प्रिंटरचा क्रमांक, छपाईची तारीख आणि वेळ. नोटा छापणाऱ्यांना पकडायला केलेली सोय, पण पत्रक छापणारा प्रत्येकजण तिच्यात आला. आम्ही शेवटी अॅपमध्ये एक सूचना टाकली. ती टाकायला मला दोन मीटिंगांत भांडावं लागलं.

तर आता घरचं. गुंठेवारी कायद्यातली मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली आणि पुढे अर्ज सुरू झाले, तेव्हा पप्पांनी कपाटातली पिशवी परत काढली. कागद चौकोनी घडीवर पिवळा पडला होता, दोन साक्षीदारांपैकी एक वारलेला. स्कॅन करून द्यायचं काम माझं. मी कागद फरशीवर ठेवला, खिडकी उघडली, सावली न पाडता फोटो काढला, अॅपमधून कडा सरळ केल्या, पांढरा भाग पांढरा केला. सुंदर पीडीएफ झाली.

पाठवायच्या आधी पप्पांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला आणि दोन बोटांनी चित्र मोठं करत कोपऱ्याकोपऱ्यात बघितलं.

“यात ते आतलं दिसत नाही रे,” ते म्हणाले.

दिसणार नव्हतंच. कॅमेरा कागदावरून परतलेला उजेड टिपतो, आणि ती खूण फक्त आरपार येणाऱ्या उजेडात आहे. त्यात मी पांढरा भाग पांढरा केलेला. मी त्यांना हे सांगितलं. मग कागद खिडकीच्या काचेला लावून धरला आणि त्यांना म्हटलं, आता काढा फोटो. त्यांनी तीन काढले. एकात माझा अंगठा आलाय, दोघांत मधोमध एक पुसट आकृती दिसते, कडा विरघळलेल्या. तिची तुलना कशाशी करायची ते मी आजही शोधलेलं नाही. अर्जाबरोबर आम्ही पहिली पीडीएफ पाठवली, आणि हे तीन फोटो पप्पांच्या फोनमध्ये आहेत. त्यांनी ते आत्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलेत.